आयोवा नेमकं कशावर जगतं, आणि त्यासाठी शेत गहाण टाकावं का

दादा, तुमचा प्रश्न वाचला आणि दोन दिवस डोक्यात राहिला. तुम्ही लिहिलंय की औसा तालुक्यात तुमची आठ एकर जमीन आहे, सोयाबीन-तूर घेता, धाकट्या भावाला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्सच्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत ॲग्रोनॉमीच्या, म्हणजे पीकशास्त्राच्या एमएसला ॲडमिशन मिळालीय. पाहुणे म्हणतात तिथे मक्याशिवाय काही नाही, त्यापेक्षा टेक्सास नाहीतर कॅलिफोर्निया बघा. आणि कुणीतरी असंही सांगितलंय की आयोवातला शेतकरी हजार एकरवाला करोडपती असतो, अशा राज्यात शेतीचं शिकलेला पोरगा उपाशी राहणार नाही, म्हणून चार एकर गहाण टाकून पाठवायचा विचार चाललाय.

मी मूळची उदगीरची, आयोवात १९ वर्षं झाली, एम्सलाच एमएस केलं आणि तेव्हापासून क्रॉप कन्सल्टंट म्हणून काम करते, म्हणजे शेतकऱ्यांच्या रानात फिरून मातीचे नमुने काढायचे, पीक बघायचं, खत-औषधाची शिफारस करायची. त्यामुळे शेतीबद्दल खात्रीने बोलेन, बाकीचं जेवढं पाहिलंय तेवढं. तुम्ही विचारलंय राज्य कसं आहे, पण मला वाटतं खरा प्रश्न चार एकरांचा आहे. त्याचं उत्तर द्यायला आधी हे राज्य पैसा कुठून कमावतं ते सांगावं लागेल, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी नकाशा. पूर्वेला मिसिसिपी नदी, पश्चिमेला मिझूरी आणि बिग सू, दोन्ही बाजूंच्या हद्दी नद्यांनीच आखलेल्या. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडं कमी, आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साधारण ३२ लाख, म्हणजे २०११ ला एकट्या पुणे शहरात जेवढी माणसं होती जवळपास तेवढीच सगळ्या राज्यात. त्या ३२ लाखांसाठी ९९ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. राज्याच्या एकूण जमिनीपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास शेतजमीन आहे. विमानातून बघितलं तर चौकटीच्या वहीसारखं दिसतं, कारण सर्व्हेच एक-एक चौरस मैलाचा केलेला, एक चौकट ६४० एकरांची, तिचे चार भाग १६०-१६० चे, आणि बहुतेक ठिकाणी दर मैलाला खडीचा रस्ता. इथला माणूस पत्ता सांगताना चार मैल उत्तरेला, मग दोन मैल पूर्वेला असाच सांगतो.

आता माती, कारण सगळं तिथून सुरू होतं. मी नमुना काढते तेव्हा एक पोकळ स्टीलची नळी पायाने दाबून सहा इंच खाली घालते आणि बाहेर काढते. उत्तर-मध्य आयोवात त्या नळीतून जी माती येते ती काळीभोर, दमट, बोटांनी दाबली की मळलेल्या कणकेसारखी. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आपलं काळं रान आठवलं, रंग अगदी तोच. पण कारण वेगळं आहे. आपल्या काळ्या मातीचा रंग सेंद्रिय पदार्थामुळे नाहीये, आपल्याकडे सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का निघाला तरी बरं म्हणायची वेळ आहे. इथली माती काळी आहे ती हजारो वर्षं माणसापेक्षा उंच गवत उगवून, मुळं कुजून, आणि सेंद्रिय पदार्थ चार ते सहा टक्के निघतो. त्याच्याही आधी इथे हिमनदी होती, बारा-चौदा हजार वर्षांपूर्वी ती वितळली आणि मागे सपाट, खोल, बारीक गाळाची जमीन सोडून गेली. चांगल्या रानात वरच्या पाच फुटांत दहा-बारा इंच पाणी पिकासाठी धरून ठेवलं जातं, म्हणजे जुलैत तीन आठवडे पाऊस नाही पडला तरी मका उभा राहतो. आपल्या मध्यम-हलक्या रानात पंधरा दिवसांचा खंड पडला की सोयाबीन माना टाकतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण ही जमीन अशीच आयती मिळालेली नाही, अर्धी दलदल होती. गोऱ्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात तीन-चार फूट खोल चर खणून भाजलेल्या मातीचे पाइप पुरले, त्याला इथे टाइल म्हणतात, आता प्लास्टिकचे भोकं असलेले पाइप येतात. जास्तीचं पाणी त्यातून ओढ्यात जातं. आपण आयुष्यभर पाणी रानात आणायसाठी धडपडतो आणि इथला शेतकरी पाणी रानाबाहेर काढायला पैसे घालतो, मला हे कळायलाच पहिलं वर्ष गेलं. जूनमध्ये ओढ्याच्या काठावर उभं राहिलं की पाइपाच्या तोंडातून स्वच्छ काचेसारखं पाणी धो धो पडताना दिसतं. स्वच्छ दिसतं, पण त्यात नायट्रेट असतं, मक्याला घातलेल्या नत्रातलं आणि मातीच्या सेंद्रिय पदार्थातलं सुद्धा. तेच पाणी रकून नदीतून राजधानी डी मॉइनला पिण्यासाठी जातं, आणि पिण्याच्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट-नत्र चालत नाही. त्यासाठी तिथल्या पाणीपुरवठ्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढायचं खास यंत्र बसवलं, २०१५ ला नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या ड्रेनेज डिस्ट्रिक्टवर, म्हणजे रानातल्या पाण्याचा निचरा सांभाळणाऱ्या संस्थांवर, कोर्टात दावा लावला, तो २०१७ ला फेटाळला गेला, आणि जून २०२५ मध्ये नायट्रेट एवढं वाढलं की डी मॉइन परिसरात घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी आली. मी स्वतः शेतकऱ्यांना नत्राची मात्रा सांगते, त्यामुळे हा विषय मला फार लागतो. तुमच्या भावाला जर इथे काम करायचं असेल तर पुढची वीस वर्षं ह्याच प्रश्नात आहेत, उत्पादन कसं वाढवायचं ह्यात नाही, हे त्याला आत्ताच सांगा.

उत्पादनाचं बोलायचं तर मक्याला एकरी दोनशे बुशेल धरा, म्हणजे आपल्या हिशोबाने ५० क्विंटल. सोयाबीन साठ बुशेल, म्हणजे सोळा क्विंटलच्या आसपास. आपल्याकडे कोरडवाहूत पाच-सहा पडले तर माणूस समाधानी असतो. लोकांना वाटतं हे सगळं बियाण्याचं आणि मशीनचं आहे. थोडं आहे, पण मोठा वाटा जमीन आणि आभाळाचा. जूनमध्ये इथे पंधरा तास ऊन असतं, पीक मेमध्ये पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरला काढतात म्हणजे सोयाबीन रानात सव्वाशे-दीडशे दिवस राहतं, आपलं शंभरच्या आत-बाहेर निघतं, आणि पाऊस उन्हाळाभर थोडा थोडा पडतो, त्यामुळे बागायत जवळजवळ नाहीच. इथलं बी उचलून औशाला आणलं तर सोळा क्विंटल होणार नाहीत, कुणी तसं सांगत असेल तर ऐकू नका.

आता हजार एकरवाला करोडपती. हे खरंही आहे आणि नाहीही. २०२२ च्या शेतीगणनेत सरासरी शेत साडेतीनशे एकरांच्या आतच होतं, पण जे पूर्णवेळ शेतीवर जगतात ते हजार-दोन हजार एकर करतात, आणि त्यातली निम्मी किंवा जास्त जमीन भाड्याची असते. राज्यातल्या निम्म्याहून जास्त शेतजमिनीचं असंच आहे, मालक एक आणि कसणारा दुसरा. मालक बऱ्याचदा म्हातारी माणसं, विधवा बायका, नाहीतर शिकागो-ॲरिझोनात राहणारी त्यांची मुलं. जमिनीचा भाव २०२४ च्या युनिव्हर्सिटीच्या पाहणीत सरासरी साडेअकरा हजार डॉलर एकर होता. म्हणजे ज्याची स्वतःची पाचशे एकर त्याच्याकडे कागदावर पन्नास-साठ लाख डॉलर आहेत. पण कागदावर.

हिशोब बघा. माझ्या एका शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मी दर फेब्रुवारीला हा हिशोब करते, माणूस एकाहत्तर वर्षांचा, कॉफीचा कप आणि पिवळी वही घेऊन बसतो. एकरी दोनशे बुशेल, भाव चार डॉलर, आले आठशे डॉलर. त्यातून जमिनीचं भाडं पावणेतीनशे, बी शंभराच्या वर, खत दीडशेच्या आसपास, मग फवारणी, डिझेल, मका वाळवायचा गॅस, विमा, मशीनचा हप्ता. वहीच्या तळाला येईपर्यंत भाड्याच्या रानात शिल्लक शून्य नाहीतर उणे. स्वतःच्या जुन्या, कर्ज फिटलेल्या रानातली कमाई भाड्याच्या रानाला सांभाळते. नवा कंबाइन घ्यायचा तर कित्येक लाख डॉलर जातात. सरकारी आधाराचा पीकविमा आहे म्हणून हा माणूस झोपू शकतो, विमा हप्त्याचा मोठा भाग सरकार भरतं आणि उत्पन्नाच्या ८०-८५ टक्क्यांपर्यंत संरक्षण घेता येतं. १० ऑगस्ट २०२० ला इथे डेरेचो नावाचं वादळ आलं, काही ठिकाणी ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाचे वारे, दुपारच्या तासाभरात उभा मका गालिच्यासारखा आडवा. मी दुसऱ्या दिवशी रानात गेले तर चालता येईना, ताटांवर ताटं पडलेली. विमा नसता तर त्या वर्षी कित्येक घरं संपली असती.

आणि इथे घरं संपलेली आहेत, म्हणूनच मी हे एवढं सांगतेय. १९७० च्या दशकात धान्याचा भाव चढला, जमिनीचा भाव चढला, बँका म्हणाल्या कर्ज घ्या, जमीन आहे ना तारण. १९८१ ला एकराचा सरासरी भाव २१४७ डॉलर होता. मग व्याजदर आभाळाला भिडले, निर्यात घटली, आणि १९८६ ला तोच भाव ७८७ वर आला. ज्यांनी वाढलेल्या किमतीवर कर्ज काढलं होतं त्यांच्या शेताचे लिलाव झाले, गावच्या बँका बुडाल्या, आत्महत्या झाल्या. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागत नाही. माझ्या त्या एकाहत्तर वर्षांच्या शेतकऱ्याच्या सख्ख्या भावाचं शेत तेव्हा गेलं. तो आजही जमीन तारण हा शब्द आला की वही मिटतो.

मग राज्यात पैसा आहे कुठे? तर मक्याच्या अवतीभवती. निम्म्याहून जास्त मका इथेनॉलला जातो, राज्यात चाळीसेक प्लांट आहेत, एका बुशेलपासून जवळपास तीन गॅलन इथेनॉल निघतं आणि उरलेला चोथा, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो जनावरांना जातो. (हे नाव तुमच्याही कानावर असेल, कारण भारतात मका-तांदळाचं इथेनॉल वाढल्यापासून हाच चोथा पोल्ट्रीवाले सोयापेंडीच्या जागी वापरतात, आणि २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ असताना लातूरच्या बाजारात सोयाबीन त्याच्या खाली विकलं गेलं त्यामागे हेही एक कारण होतं.) दुसरं म्हणजे डुकरं. अमेरिकेतली साधारण एक तृतीयांश डुकरं एका आयोवात आहेत, माणशी सात पडतात. लांबलचक शेड, एकेका शेडमध्ये चोवीसशेच्या आसपास जनावरं, बऱ्याचदा शेड शेतकऱ्याचं आणि डुकरं कंपनीची, शेतकऱ्याला जागेचं आणि देखभालीचं भाडं मिळतं, शिवाय खालच्या खड्ड्यातलं शेणखत शरद ऋतूत मक्याच्या रानात जातं. तरुण पोराला गावात राहून शेती करायची असेल तर बऱ्याचदा हे शेडच त्याला तगवतं. वास येतो, शेजारी भांडतात, ते वेगळं. अंड्यांतही राज्य पहिलं.

मग यंत्रं आणि बियाणं. वॉटरलूला जॉन डिअरचे मोठे ट्रॅक्टर बनतात, २०२४ मध्ये तिथल्या कारखान्यांत मोठी कामगारकपात झाली कारण शेतकऱ्याकडे पैसा नसला की तो ट्रॅक्टर पुढे ढकलतो. हेन्री वॉलेस, जे पुढे अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी १९२६ ला इथेच संकरित मक्याची कंपनी काढली, तीच पायोनियर, आता कोर्टेव्हाचा भाग, आणि डी मॉइनजवळच्या जॉन्स्टनला तिचं मोठं काम चालतं. पायोनियरचं मक्याचं बी तर तुमच्याकडच्या दुकानातही मिळतं. ज्यांच्या गव्हाने आपल्या देशात हरितक्रांती आणली ते नॉर्मन बोरलॉग आयोवातल्या क्रेस्कोजवळच्या शेतात जन्मले, त्यांनी सुरू केलेला वर्ल्ड फूड प्राइज डी मॉइनमध्ये दिला जातो आणि १९८७ चा पहिला मिळाला तो आपल्या एम. एस. स्वामिनाथन यांना. भावाला म्हणावं पाहुण्यांना एवढं तरी सांग.

पण राजधानी मात्र मक्यावर चालत नाही हो, ती चालते विम्यावर. डी मॉइनमध्ये प्रिन्सिपल १८७९ पासून आहे आणि अशा विमा-फायनान्सच्या बऱ्याच कंपन्या आहेत. पश्चिमेला काउन्सिल ब्लफ्सला गूगलची, वेस्ट डी मॉइनला मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटर. सीडर रॅपिड्सला विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि ओट्स. वीज जवळपास साठ टक्के वाऱ्यापासून, आणि ज्याच्या रानात पवनचक्की उभी त्याला दरवर्षी भाडं. म्हणून मी म्हणते की आयोवा मक्याचं राज्य आहे हे खरं, पण मका विकणाऱ्याचं नाही, मक्यावर पुढची प्रक्रिया करणाऱ्याचं आणि त्याला बी, यंत्र, विमा विकणाऱ्याचं आहे. नोकऱ्या त्या साखळीत आहेत.

आणि त्यामुळेच राज्य दोन तऱ्हेने चाललंय. २०१० ते २०२० मध्ये साधारण दोन तृतीयांश काउंट्यांची लोकसंख्या घटली, त्याच काळात डी मॉइनच्या पश्चिमेची डॅलस काउंटी दीडपट झाली. खेड्यात गेलात तर शाळेच्या नावात दोन-दोन तीन-तीन गावांची नावं जोडलेली दिसतील, कारण एका गावाला शाळा भरवण्याएवढी पोरंच राहिली नाहीत. मेन रोडवर किराणा बंद, धान्याचं एलिव्हेटर, म्हणजे धान्य घेऊन साठवायची मोठी कोठारं, आणि चर्च तेवढं चालू. आपल्याकडे गावाला येणारी पोरं दिवाळीला तरी दिसतात, इथे तेही कमी.

माणसं कशी आहेत? बहुतेक जर्मन वंशाची, मग नॉर्वेजियन, डच, चेक, आयरिश. कमी बोलणारी. खडीच्या रस्त्यावर समोरून पिकअप आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो, ओळख असो-नसो, तो त्यांचा रामराम. घरी बोलवायला वेळ लावतात, पण गाडी बर्फात अडकली तर न बोलवता ट्रॅक्टर घेऊन येतात, माझ्या बाबतीत दोनदा झालंय. पण आयोवा म्हणजे नुसते गोरे हेही चूक. टामा काउंटीत मेस्क्वाकी लोकांनी १८५७ ला, हाकलून लावल्यानंतर, स्वतःच्या पैशाने ८० एकर विकत घेऊन परत वस्ती केली आणि आजही तिथे आहेत. मांस कारखान्यांच्या गावात, म्हणजे स्टॉर्म लेक, डेनिसन, मार्शलटाउनला, मेक्सिको-ग्वाटेमालापासून लाओस-म्यानमारपर्यंतची माणसं आहेत, तीच ही गावं जिवंत ठेवतायत, काम मात्र फार जिवावरचं. २००८ ला पोस्टव्हिल गावातल्या अशाच कारखान्यातून इमिग्रेशनवाल्यांनी एका दिवसात जवळपास चारशे कामगार पकडून नेले, गावच अर्धं रिकामं झालं. आपली माणसं म्हणाल तर एम्स, डी मॉइन, आयोवा सिटीला आहेत, माद्रिद नावाच्या गावाजवळ मोकळ्या रानात हिंदू मंदिर आहे. आणि आयोवा सिटीच्या लेखकांच्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात १९७० च्या दशकात आपले दिलीप चित्रे येऊन राहिले होते, हे मला इथे आल्यावर कळलं आणि फार आधार वाटला होता.

थंडी जानेवारीत उणे वीस-पंचवीसपर्यंत जाते, ते कपड्यांनी निभतं. गाडीशिवाय मात्र एम्सच्या बाहेर काही करता येत नाही.

आता तुमचे चार एकर. हे सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे, भावाला रिसर्च असिस्टंटशिप मिळालीय की नाही. ॲग्रोनॉमीत चांगल्या मुलांना बऱ्याचदा प्रोफेसर आपल्या प्रोजेक्टच्या पैशातून घेतात, त्यात महिन्याचा पगार असतो आणि फीचा बराचसा किंवा सगळा भार उचलला जातो. मीही तशीच आले, वडिलांनी विमानाचं तिकीट आणि दोन महिन्यांचा खर्च तेवढा दिला. तसं पत्र असेल तर डोळे झाकून पाठवा, ह्या विषयाला ह्यापेक्षा चांगल्या जागा अमेरिकेत कमी आहेत, टेक्सास-कॅलिफोर्नियाचा विचारही करू नका. पत्र नसेल आणि नुसती ॲडमिशन असेल, तर दादा, शेत गहाण टाकू नका. शिक्षण संपल्यावर नोकरी लागेल का हे तीन गोष्टींवर ठरतं. त्या वर्षी शेतमालाचा भाव कसा आहे, कारण भाव पडला की बी-खताच्या कंपन्या भरती थांबवतात. दुसरं व्हिसाचे नियम, ते बदलत राहतात. तिसरं पोराचं काम. ह्यातलं फक्त तिसरं त्याच्या हातात आहे, आणि व्याज कशासाठीच थांबत नाही. त्याला म्हणावं ॲडमिशन पुढच्या सेमिस्टरला किंवा पुढच्या वर्षाला ढकलता येते का विचार, तोपर्यंत परभणीच्या कृषी विद्यापीठात नाहीतर जिथे मिळेल तिथे एखाद्या प्रोजेक्टवर काम कर.

आणि आज रात्रीच त्याला प्रोफेसरांना मेल करायला लावा. मेलमध्ये फक्त मी हुशार आहे असं लिहू नये. त्यांचा एखादा अलीकडचा पेपर वाचून, औशाच्या काळ्या रानात पावसाच्या खंडात सोयाबीनचं काय होतं, नत्र-स्फुरद किती घालता, मुळांवर गाठी किती दिसतात, हे स्वतः मोजून चार ओळींत लिहावं. ते इथल्या मुलांकडे नसतं. पाच-सहा प्रोफेसरांना वेगवेगळा मेल, एकच मजकूर सगळ्यांना नको. काय उत्तर येतं ते इथेच खाली कळवा, आणि पगाराचं पत्र आलं तर त्यातले आकडे मला दाखवा, एम्समध्ये त्यात भागतं का ते मी भाडं-किराण्यासकट मांडून देते.